दहावा माणूस आणि अर्धा किलो मनुका

आमच्या सिनेगॉगमध्ये पंखे चौदा आहेत आणि शुक्रवारी संध्याकाळी माणसं नऊ.

चौदापैकी अकरा पंख्यांच्या पात्यांवर देणाऱ्याचं नाव तांबड्या रंगात लिहिलेलं आहे. पंखा बंद असला तरच ते वाचता येतं. मागच्या उन्हाळ्यात एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला, "वडिलांच्या नावे एक पंखा द्यायचाय." मी म्हटलं, "पंखा राहू द्या, शुक्रवारी तुम्ही आणि तुमचा मुलगा या." ते दोघं आले नाहीत. पंखा आला. तो चौदावा.

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, गाव रायगडात आहे, आणि बँकेत चौतीस वर्षं काढून आता घरी आहे. आमच्या सिनेगॉगचे गब्बाई, म्हणजे खजिनदार, माझे दीर. हिशेब मात्र मी लिहिते. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी काही बोलत नाही. सिनेगॉग कुठलं ते लिहीत नाही, कारण पुढे येईलच.

गेल्या काही वर्षांत विचारणारे वाढलेत. आमच्यातली मुलं-मुली, इस्रायलला गेलेले नातेवाईक, शेजारपाजारचे, इतिहासाची आवड असलेले कॉलेजचे विद्यार्थी. प्रश्न एकच: "आम्ही काय देऊ? आम्हाला काय करता येईल?" दर वेळी फोनवर अर्धा तास जातो, म्हणून एकदाचं लिहून काढते.

आधी माणूस, मग वस्तू

सामुदायिक प्रार्थनेला मिनियान लागतं: तेरा वर्षं पूर्ण झालेले दहा ज्यू पुरुष. नऊ असले तर घरी करावी तशी प्रार्थना करायची, पण काद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही आणि सेफर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, काढून वाचता येत नाही. वडिलांच्या पुण्यतिथीला काद्दीश म्हणायला आलेला मुलगा दाराकडे बघत बसलेला मी कितीदा तरी पाहिलाय. बायका मिनियानमध्ये मोजत नाहीत. १९२५ पासून मुंबईत चालत आलेल्या ज्युइश रिलिजस युनियनच्या उदारमतवादी मंडळींची रीत वेगळी आहे. आमच्याकडे जुनीच चालते. मला यावर मत आहे, पण ते आत्ता सांगत बसले तर मनुका भिजवायच्या राहतील.

२०११ च्या जनगणनेत सगळ्या भारतात ज्यू साडेचार हजारांच्या आसपास होते. त्यातून आमच्या भागात राहणारे, पुरुष, चालत येऊ शकणारे, आणि शुक्रवारी सात वाजता ऑफिसमधून सुटलेले तेवढेच मोजा. म्हणून साडेसहाला व्हॉट्सअ‍ॅपवर दोनच शब्द येतात: "नऊ झालेत." एकदा आमच्या ह्यांनी प्लॅटफॉर्म तिकीट काढून स्टेशनात शिरून लोकलमधून उतरणाऱ्या भाच्याला दंडाला धरून आणलं होतं. तो ऑफिसच्या बॅगेसकट 'लेखा दोदी' या शुक्रवारच्या गीताला उभा राहिला. ज्यांच्यासाठी आणलं ते गृहस्थ आईसाठी काद्दीश म्हणत होते. नंतर त्यांनी भाच्याचा हात दोन्ही हातांत धरला तो बराच वेळ सोडला नाही.

तेव्हा तुम्ही आमच्यातले पुरुष असाल, तर "जमेल तेव्हा येतो" म्हणू नका. एक वार आणि एक आठवडा सांगा: महिन्याचा दुसरा शुक्रवार माझा. हज्जान साहेबांकडे, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांकडे, वही असते, तीत नाव घाला. येता येणार नसेल तर गुरुवारी कळवा, शुक्रवारी सहाला नव्हे. मुलाचा बार मित्झवा नुकताच झाला असेल तर त्याच्या नावाचा स्वतंत्र शुक्रवार ठेवा. तेरा वर्षांच्या पोराला "तुझ्यावाचून अडलंय" असं खरोखर सांगता येईल अशी जागा शाळेत नसते.

आणखी एक. बेने इस्रायलांत कोहेन, म्हणजे पुरोहितांच्या वंशातले, नाहीत. बाहेरचा कोणी पाहुणा कोहेन तुमच्याकडे उतरला असेल तर त्याला नुसता घेऊन येऊ नका, हज्जानांना आदल्या दिवशी सांगा. आमच्याकडे कोहेनांचा आशीर्वाद मिळणं ही वर्षा-दोन वर्षांतली गोष्ट, लोक मुलाबाळांना घेऊन येतात.

स्वयंपाकघरात

आता मनुका. शब्बाथ म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतचा विश्रांतीचा दिवस. त्याच्या किद्दुशला, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेला, वाइन लागते. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या काळ्या मनुकांचं सरबत चालतं. हे करणं म्हणजे स्वयंसेवेची पहिली इयत्ता, आणि एकटीदुकटीला जमण्यासारखी.

अर्धा किलो काळ्या मनुका घ्या. देठ काढा, तीन पाण्यांनी धुवा. तिसरं पाणीही गढूळ निघालं तर चौथं. गुरुवारी रात्री दोन लिटर पाण्यात भिजत घाला. शुक्रवारी सकाळी त्या फुगून बोराएवढ्या नाही, पण चांगल्या टपोऱ्या होतात. हाताने कुस्करा, मिक्सर नको, बियांचा कडवटपणा उतरतो. मलमलच्या फडक्यातून पिळून काढा. काही घरांत एक उकळी देतात, आम्ही देत नाही. फडकं सरबतासाठीच ठेवलेलं हवं, दह्याच्या चक्क्याचं नव्हे. पातेलंही सिनेगॉगचं वापरा. साठेक लहान पेले होतात. साखर घालायची नाही. कोणी कितीही तोंड वाकडं केलं तरी.

दह्याचं फडकं का नको? कारण कश्रूथ, म्हणजे खाण्यापिण्याचे धर्मनियम. मांसाच्या जेवणाशी दूध-तूप येऊ देत नाही. आमच्या मटणात नारळाचं दूध असतं, चिकाचा हलवाही नारळाच्या दुधात, तो याच कारणाने; कोकणात राहून नारळाने आमचा धर्म सांभाळला असं माझी आजी म्हणे. हे बाहेरच्याला माहीत असायचं कारण नाही. माझ्या मुलीची मैत्रीण एका मलिद्याच्या विधीला मोठ्या हौसेने दोन किलो पेढे घेऊन आली. मागे मटण शिजत होतं. पोरीचा चेहरा पडू नये आणि पेढे आतही जाऊ नयेत, अशी माझी पाच मिनिटं गेली. शेवटी तिलाच घेऊन फाटकापाशी गेले आणि बंदोबस्ताच्या हवालदारांना, राखणदार चाचांच्या घरी, समोरच्या पानवाल्याला, असे दोन्ही खोके तिच्या हाताने वाटले. हवालदार पुढे दोन आठवडे विचारत होते, "मॅडम, त्या ताई परत कधी?"

म्हणून खायचं काही द्यायचं असेल तर अख्खी फळं, नारळ, खजूर, साखर, बंद पाकिटातले पोहे. घरी शिजवलेलं नको, मग तुमच्या हाताला कितीही चव असो. बेकरीचा केक तर नकोच.

मलिद्याला हात कितीही लागतात. मलिदा आमचा नवसाचा, आभाराचा विधी: लग्नाआधी, मूल झाल्यावर, आजारातून उठल्यावर, नोकरी लागल्यावर. एलियाहू हन्नाबीची, म्हणजे प्रेषित एलियाची, आठवण करून म्हणायचा. शंभर माणसांचं आमचं प्रमाण असं: पाच किलो जाड पोहे, बारा-पंधरा नारळ, अडीच किलो साखर, वेलदोडे, थोडं जायफळ, काजू-बदाम-पिस्ते परवडतील तेवढे. पोहे शिजवायचे नाहीत. चाळून, ताटात पसरून निवडायचे, धुऊन निथळत ठेवायचे. निवडणं हे नुसतं नीटनेटकेपणासाठी नाही, किडा पोटात जाणं आम्हाला निषिद्ध आहे. म्हणून चष्म्याचा नंबर बदलला असेल त्यांनी नारळ खोवायला बसावं. निथळलेल्या पोह्यांत खोबरं-साखर हलक्या हाताने मिसळायची, वर ताटात केळी, सफरचंद, खजूर, हंगामातली आणखी फळं, गुलाब आणि वासाला सब्जाची पानं. फळांवर वेगळी बराखा, म्हणजे आशीर्वचन, सुगंधावर वेगळी. तेव्हा सब्जा विसरला तर ताट अडतं, आणि तो ऐन वेळी बाजारात मिळत नाही. कुणाच्या गॅलरीत सब्जाची कुंडी असेल तर तीही देणगीच.

तू बिश्वात या झाडांच्या सणाच्या सुमारास, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, खूप जण अलिबागजवळच्या खंडाळ्याला जातात. लोणावळ्याशेजारचं नव्हे हं. तिथल्या खडकावरच्या खुणा एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या, अशी श्रद्धा आहे. त्या दिवशी गाडी असलेला, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाऊन परत आणणारा तरुण आम्हाला दहा हजारांच्या चेकपेक्षा जवळचा वाटतो. चटया, पाण्याचे कॅन आणि कचऱ्याच्या पिशव्याही त्यानेच आणल्या तर त्याच्यासाठी मुलगी बघायला आम्ही सगळ्या बायका तयार आहोत.

बाकी सणांचं थोडक्यात. सुक्कोथच्या मांडवाला बांबू, काथ्या आणि नारळाच्या झावळ्या लागतात, आणि योम किप्पूरच्या उपासानंतर मधे चारच दिवस मिळतात. छप्पर झावळ्यांचंच हवं. पाऊस येईल म्हणून वरून ताडपत्री घट्ट बांधून टाकणाऱ्या उत्साही माणसाला आम्ही दर वर्षी खाली उतरवतो. पेसाहच्या आधी तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावायची आमची जुनी रीत. आता कल्हईवाला शोधणं हेच काम. तुमच्या गल्लीत येत असेल तर त्याचा नंबर द्या, बाकी आम्ही बघतो.

पैसे द्यायचे तर

आमच्यात देणगीला नवसाचा वास आहे, आणि तो जुना आहे. सामुएल एझिकेल दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत पडले, सुटून आले आणि १७९६ साली मुंबईत मांडवीला शाआर हारहमीम बांधलं. 'जुनी मशीद' ती हीच. आमची म्हातारी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणत. आजही कोणी सुखरूप ऑपरेशनमधून उठला की दिव्याच्या तेलाचे पैसे घेऊन येतो.

शब्बाथला आणि सणाच्या दिवशी पैशाला हात लावत नाहीत. पाकीट पुढे करू नका, क्यूआर कोडही विचारू नका. त्या दिवशी तोंडी शब्द द्यायचा, मागाहून आणून द्यायचे. आणि इथेच घोडं पेंड खातं. दिलेला शब्द म्हणजे धर्मात नेदेर, तो फेडल्यावाचून ठेवू नये असं शास्त्र. आमच्या वहीत मात्र तीन-तीन वर्षांपूर्वीचे शब्द तसेच आहेत. मी बँकेत थकीत कर्जांची पत्रं लिहिलीत, पण चुलतसासऱ्यांना "काका, सिम्हाथ तोराचे एक हजार एक राहिलेत" असं म्हणायला जीभ रेटत नाही. तेव्हा बोललात तर बुधवारच्या आत पाठवा.

सिम्हाथ तोरा, म्हणजे तोराच्या आनंदाचा सण, त्यातल्या लिलावाबद्दल सांगायला हवं, कारण नवीन माणूस तो बघून चक्रावतो. हेखाल, म्हणजे सेफर तोरा ठेवायचं कपाट, उघडण्याचा मान, सेफर तोरा उचलण्याचा मान, यांची बोली लागते. आवाज चढतात, चेष्टा होते, दोन भाऊ एकमेकांवर चढाओढीने बोलतात आणि शेवटी जिंकलेला भाऊ तो मान म्हाताऱ्या वडिलांना देतो. पण त्या दिवशी लिहिता येत नाही. मग हिशेब कसा? आदल्या दिवशीच मी प्रत्येक घराच्या नावाचा एक पुठ्ठा करते, कडेने आकडे आधीच लिहिलेले. बोली ठरली की त्या आकड्यावर यू-क्लिप अडकवायची. हे काम दोघांनी करायचं, एकाने क्लिप लावायची आणि दुसऱ्याने लक्षात ठेवायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी वाद नको. स्मरणशक्ती चांगली आणि नातीगोती कमी असलेला माणूस या कामाला उत्तम. सुक्कोथच्या मांडवात टांगलेल्या फळांचाही लिलाव होतो. एका पपनसाची किंमत मी सांगितली तर वाशीच्या बाजारातले व्यापारी सिनेगॉगला येऊन बसतील.

रक्कम किती? आमच्यातले इथले लोक सगळ्या मराठी माणसांसारखे १०१ किंवा ५०१ देतात. इस्रायलहून आलेले १८ च्या पटीत देतात, १८०, ३६०, कारण हिब्रूत 'हाय', म्हणजे जिवंत, या शब्दाच्या अक्षरांची बेरीज अठरा. दोन्ही चालतं. पावती मात्र घ्याच, आणि पावतीवर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक आहे ना ते बघा. कर वाचेल या आशेवर देणार असाल तर आधीच विचारा: निव्वळ धार्मिक ट्रस्टला सहसा ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची, मान्यता मिळत नाही. जिथे मिळते तिथेही दोन हजारांवरची रोख देणगी सवलतीत धरत नाहीत, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर ही सवलत मुळातच नाही.

इस्रायलच्या नातेवाइकांसाठी, जरा मोठ्याने: अश्दोदहून, लोदहून आमच्या खात्यात परस्पर पैसे पाठवू नका. तुमचा पासपोर्ट इस्रायली असेल तर ती परकीय देणगी ठरते, मग तुम्ही डोंगरीत जन्मलेले असा की पेणला. तिला ट्रस्टची एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यावे लागतात. लहान ट्रस्टकडे हे बहुधा नसतं. माझ्या मावसबहिणीने प्रेमाने पाठवलेले पैसे परत करताना मला जेवढं वाईट वाटलं तेवढं कर्ज नाकारताना कधी वाटलं नव्हतं. तुम्ही आईच्या तोंडून ऐकलेली मराठी गाणी आणि कीर्तनं फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. त्याला कुठलीही परवानगी लागत नाही आणि ती इकडे कोणाला येत नाहीत.

गुपचूप द्यायचं असेल तर त्याची वेगळी वाट आहे. पुरीमला, आमच्या जुन्या बायका त्याला होळीचा सण म्हणत आणि पुरणपोळ्या करत, निदान दोन गरजूंना काही द्यावं असा नियम आहे. आम्ही पाकिटं भरतो आणि ती हज्जानीणबाई पोचवतात. देणाऱ्याला घेणारा माहीत नाही, घेणाऱ्याला देणारा नाही. बाराव्या शतकातल्या रामबाम या ज्यू धर्मपंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्यात, त्यात ही बरीच वरची. सगळ्यात वरची पायरी म्हणजे माणसाला पुन्हा हात पसरावा लागू नये असं काही करणं: कर्ज, भागीदारी, काम. आमच्या एका मुलाच्या एसी दुरुस्तीच्या कोर्सची फी तिघांनी मिळून भरली. आता सिनेगॉगमधला एसी तोच बघतो आणि पैसे घेतो. घेऊ दे.

पुस्तकं आणि कबरी

माझी चूक सांगते. कपाट आवरताना जुन्या वर्तमानपत्रांबरोबर एक गठ्ठा रद्दीवाल्याला गेला. संध्याकाळी लक्षात आलं की त्यात फाटक्या सिद्दुरांची, म्हणजे प्रार्थनेच्या पुस्तकांची, पानं होती. देवाचं नाव असलेलं पान टाकून देत नाहीत. ते वेगळं ठेवून पुढे कबरस्तानात पुरतात. रद्दीच्या दुकानात जाऊन मी जमिनीवर बसले आणि पान न्‌ पान काढलं. दुकानदाराने वजन करून किलोला दिलेल्या भावाच्या दुप्पट भाव लावला. दिला मी. तेव्हापासून हिब्रू वाचता न येणाऱ्यांसाठी साधा नियम: चौकोनी, उजवीकडून डावीकडे लिहिलेलं काहीही दिसलं की निळ्या पेटीत. हिब्रू येणारा नंतर निवडेल. आणि मराठी दिसलं म्हणूनही रद्दीत घालू नका. आमच्या प्रार्थना, कथा, कीर्तनं मराठीत छापलेली आहेत. ती स्कॅन करणारा, टंकलेखन करणारा कोणी असेल तर ज्यू असायची गरज नाही. नीट मराठी यायला हवं, एवढंच.

कबरस्तानाची साफसफाई आम्ही पावसाळ्यानंतर करतो. शब्बाथ आणि सण सोडून. कोयते, हातमोजे, पायात बूट. टाकळ्याच्या रानात साप असतात. गवत काढण्यात कौशल्य नाही, दगड धुण्यात आहे. अ‍ॅसिड नको, वायरचा ब्रश नको, साबणाची पावडरही नको. एका उत्साही गटाने बाथरूमचं अ‍ॅसिड आणून एका संगमरवरी दगडावरची हिब्रू ओळ अशी 'स्वच्छ' केली की आता तिथे नुसता पांढरा दगड आहे. खालची मराठी ओळ खोल कोरलेली, म्हणून वाचली. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि घाई नाही. अक्षरं दिसत नसतील तर खडू फासू नका. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, ऊन तिरपं असताना फोटो घ्या, सपाट वाटणाऱ्या दगडावर नाव उभं राहतं. हिब्रू वर्ष ५६८० असं दिसलं तर त्यातून ३७६० वजा करा, इसवी सन निघतं, वर्षभर इकडे-तिकडे. फोटोबरोबर रांग आणि कितवा दगड ते लिहा. निघताना हात धुवा, नळ फाटकापाशी आहे.

मयताला आंघोळ घालणं, पांढऱ्या कापडात गुंडाळणं, हे काम करणारे आमच्याकडे पुरुषांत चार आणि बायकांत तीन. मी तिसरी. यासाठी कोणी स्वतःहून नाव देत नाही, आणि द्यावं असं मी आग्रहाने म्हणणारही नाही. पण ज्यांना जमेल असं वाटतं त्यांनी घरात कोणी गेल्यावर नव्हे, आधी शिकायला यावं. आमच्या बाईंनी मला पहिल्या दिवशी फक्त पाणी आणून द्यायला लावलं होतं.

घरी एकटी असलेली माणसं

मुलं इस्रायलला, आई-वडील इथे: आमच्या यादीत अशी एकोणीस घरं आहेत. बेने इस्रायल स्त्री मंडळाची परंपरा १९१३ पासूनची, आणि आम्ही बायका हे काम त्याच वळणाने करतो, म्हणजे फारशी सभा न घेता. प्रत्येकीला दोन घरं. शुक्रवारी दुपारी सरबताची छोटी बाटली घेऊन जायचं, दिवे लावायची वेळ सांगायची, औषधाच्या डबीत मंगळवारचा कप्पा भरलेला राहिलाय का ते न विचारता बघायचं.

नोव्हेंबर महिना सगळ्यात कामाचा. पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि म्हाताऱ्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत. एक आजी बँकेतून तीनदा परत आल्या. चौथ्यांदा मी गेले, फोनवर चेहऱ्याने ओळख पटवायची सोय असते ती वापरली. चष्मा काढा म्हटलं तर त्या म्हणाल्या, "मग मी कशी दिसेन?" मोबाइल हाताळता येणारा कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी या कामाला सोन्यासारखी, धर्म कुठलाही असो. तसंच शिष्यवृत्तीचे अर्ज: २०१६ साली महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, पण अर्ज भरायला बसणारं घरात कोणी नसतं.

एक पथ्य पाळा. तिथे गेल्यावर फोटो काढू नका. 'आजीसोबत सेवा' असं लिहून टाकलेला एक फोटो मला काढायला लावावा लागला. आजींच्या मुलीने तो दिमोनात बसून पाहिला आणि आई इतकी एकटी आहे हे तिला असं कळलं.

पहिल्यांदा येताना

२६ नोव्हेंबर २००८ ला कुलाब्याच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर जो हल्ला झाला त्यानंतर आमच्या फाटकावर पोलीस आहेत. म्हणून मी जागेचं नाव लिहिलं नाही, आणि तुम्हीही फाटकाचे, कॅमेऱ्यांचे, प्रार्थनेच्या वेळापत्रकाचे फोटो कुठे टाकू नका. अचानक येऊन बेल वाजवू नका. बुधवारपर्यंत फोन करा, ओळखपत्राची प्रत पाठवा, मूळ ओळखपत्र बरोबर ठेवा. कोणी ओळखीचं असेल तर त्याचं नाव सांगा. आमच्यात कोणी ना कोणी निघतंच.

पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी नसली तर दाराशी टोपलीत किप्पा आहेत. बायकांनी खांदे झाकलेले कपडे घालावेत, बसायची जागा विचारावी. फोन बंद. शब्बाथला कोणी "दिवा लावा" असं तुम्हाला थेट सांगणार नाही, आणि तुम्हीही मदत म्हणून बटणं दाबत फिरू नका. कुठले दिवे चालू राहायचे ते शुक्रवारी दुपारीच ठरलेलं असतं, पंख्यांचंही. मी चौदापैकी नऊच लावते.

पहिल्या दिवशी काम मागितलंत तर बहुधा खुर्च्या पुसायला मिळतील. बाकं सागवानी आहेत, कोरड्या फडक्याने पुसा, ओलं नको. फाटक चाचा उघडतील. हातात डबा असला तर आत काय आहे ते आधी विचारतील. पेढ्यांपासून त्यांना मी सांगून ठेवलंय.